आमवाताला वय लागत नाही

साठीतल्या माणसाचे गुडघे दुखले की “वय झालं” आणि तिशीतल्या बाईची बोटं सुजली की “या वयात कसला संधिवात?” घरोघरी ऐकू येणाऱ्या या दोन वाक्यांनी फार सांधे वाया घालवले आहेत.

उतारवयात गुडघ्यातली कूर्चा झिजते, तो संधिवाताचा एक प्रकार. आमवात अगदी वेगळा. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. तो ऐन तिशी-चाळिशीत सुरू होऊ शकतो आणि पुरुषांपेक्षा बायकांना दोन-तीन पट जास्त होतो. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूनं पाहणी केली, तेव्हा १००० प्रौढांमागे सुमारे ५ जणांना आमवात आढळला.

“रक्तात आरए फॅक्टर निघाला, म्हणजे आमवात” हेही खरं नाही. निरोगी माणसांतही तो सापडतो आणि काही रुग्णांत सापडतच नाही. निदानासाठी सांधे तपासावेच लागतात.

दही, चिंच, वांगं सोडून आमवात बरा होत नाही. पथ्याचा खरा उपयोग गाऊट या वेगळ्या संधिवातात: तिथे बिअर आणि कलेजी टाळावी. झिजलेल्या गुडघ्यांना “आराम द्या” हा सल्लाही उलटाच. मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम हवा, आणि एक किलो वजन उतरलं तरी प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो.

सर्वांत घातक भीती आमवातावरच्या मेथोट्रेक्सेट या औषधाची. “कॅन्सरचं औषध” म्हणून लोक ते बंद करतात आणि कुणाच्या तरी पुडीकडे वळतात. दोन दिवसांत चमत्कार करणाऱ्या अशा पुड्यांत अनेकदा न सांगता स्टेरॉइड मिसळलेलं असतं. आमवातासाठी मेथोट्रेक्सेटचा डोस फार कमी असतो, सोबत फॉलिक ॲसिड देतात आणि ठरावीक काळानं रक्त तपासतात. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून वार ठरवून पाकिटावर लिहून ठेवा. मूल हवं असेल तर ती आधीच थांबवावी लागते. डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा.

आमवातात सांध्यांची हानी बहुधा पहिल्या दोन वर्षांतच सुरू होते आणि वाकडी झालेली बोटं औषधानं सरळ होत नाहीत. सकाळी बोटं तासभर आखडत असतील, सूज सहा आठवडे टिकली असेल, तर संधिवाततज्ज्ञाला लगेच दाखवा.