डोळ्याचे पाणी खळत नाही तेव्हा

कांदा चिरताना डोळ्यांना पाणी आलं, तर आपण पदराने पुसतो आणि कामाला लागतो. पण कांदा नाही, धूर नाही, रडू तर नाहीच, तरी एकाच डोळ्यातून पाणी गळत राहिले तर? इस्लामपुरात आमच्या ओळखीच्या, उरुणातल्या एक काकी दोन वर्षे अशाच डोळ्याला पदर लावून वावरत. "कुणीतरी पाचट पेटवलंय, त्याचा धूर लागतोय," हे त्यांचे ठरलेले उत्तर. शेवटी मोतीबिंदू काढायला गेल्या. डॉक्टरांनी नाकाजवळचा कोपरा दाबला, तर डोळ्यात पू वर आला. आधी लासरूचे ऑपरेशन करा, मग मोतीबिंदूचे, असे त्यांनी सांगितले. काकी घरी आल्या त्या घाबरूनच. "अश्रूंची पिशवी कापली की डोळा कोरडा पडणार. त्यापेक्षा गळू दे की!"

अशी भीती पुष्कळ जणींना वाटते. अहो, पाणी तयार करणारी अश्रुग्रंथी असते भुवईखाली, कानाच्या बाजूला. अश्रुपिशवी असते नाकाकडच्या कोपऱ्यात. एक नळ, तर दुसरी मोरी! पापण्यांच्या आतल्या टोकाला बारीक छिद्रे असतात. त्यांतून पाणी पिशवीत जाते आणि तिथून नळीने नाकात उतरते. म्हणून तर रडताना नाक गळते आणि डोळ्यात घातलेले औषध घशाला कडू लागते. ही नळी चोंदली की पाणी गालावर येते, पिशवीत साचते, त्याचा पू होतो. चाळिशीनंतर बायकांत हे दुखणे पुरुषांपेक्षा जास्त आढळते.

ऑपरेशनमध्ये मधले थोडे हाड काढून पिशवीला नाकात नवी वाट करून देतात. इटलीतल्या टोटी नावाच्या डॉक्टरांनी 1904 साली ही पद्धत मांडली. आता दुर्बिणीने नाकातूनही करतात, म्हणजे चेहऱ्यावर व्रण नको. नळाला हातच लागत नाही, मग डोळा कोरडा कसा पडेल? फार थकलेल्या माणसाची कधीकधी पिशवीच काढून टाकतात. पू थांबतो, पण वाट न उरल्याने पाणी मात्र गळतच राहते. गाठीसारख्या कारणाने ग्रंथीच काढावी लागली, तर कोरडेपणाचा धोका खरा. डोळा चुरचुरतो, बुबुळाला इजा होऊ शकते, औषधाचे थेंब घालत राहावे लागतात. पण असे क्वचितच.

लासरू तसेच ठेवून मोतीबिंदू काढला, तर पुवातले जंतू डोळ्याच्या आत शिरून दृष्टी जाऊ शकते. म्हणून डॉक्टरांचा आग्रह. कोपरा लाल होऊन सुजला, ठणकू लागला, ताप आला, तर पोटीस बांधत बसू नका, दाबून फोडू तर मुळीच नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

तान्ह्या बाळाचाही डोळा असा गळतो. न्हाऊ घालणारी बाई तेलाच्या बोटाने नाक ओढते, त्याचा इथे उपयोग नाही. कोपऱ्यावरून खाली हलकेच कसे दाबायचे, ते डॉक्टरांकडूनच शिकून घ्या. बहुतेक बाळांची नळी वर्षाच्या आत उघडते.

काकींची समजूत घालायला मला तीन दुपारी लागल्या. ऑपरेशननंतर काही दिवस नाक शिंकरायचे नाही, जड उचलायचे नाही, एवढेच पथ्य. पण पहिल्या दिवशी कढत चहा मिळाला नाही, याचाच त्यांना राग! पुढे तपासणीत डॉक्टरांनी पिचकारीने डोळ्याच्या छिद्रातून पाणी सोडले आणि काकी एकदम म्हणाल्या, "अगं बाई, घशात खारट आलं!" वाट मोकळी झाली होती. मग मोतीबिंदूची तारीख त्यांनी स्वतःच विचारली.