व्यवस्थापनाचे पदवीधर आणि ग्रामीण संस्था

व्यवस्थापनशास्त्राच्या पदवीधराने मुंबई-पुण्यातील मोठ्या कंपनीत नोकरी धरावी, त्याला अन्य मार्ग नाही, अशी समजूत विद्यार्थ्यांत आणि पालकांतही रूढ आहे. ही समजूत चुकीची नसली, तरी अपुरी आहे. ज्या राज्यात साखर कारखाने, दूध संस्था, पतसंस्था, सूतगिरण्या आणि शेतकरी उत्पादक कंपन्या यांचे जाळे पसरले आहे, तेथे कुशल व्यवस्थापकांची गरज केवळ शहरांपुरती असू शकत नाही.

शिक्षणाचा विस्तार

व्यापारशिक्षणाची आपल्याकडील परंपरा जुनी आहे. मुंबईचे सिडनहॅम महाविद्यालय १९१३ साली सुरू झाले. १९६१ मध्ये कोलकाता व अहमदाबाद येथे भारतीय व्यवस्थापन संस्था स्थापन झाल्या. १९६५ मध्ये मुंबई विद्यापीठात जमनालाल बजाज व्यवस्थापन अभ्यास संस्था उभी राहिली. नागपूरला २०१५ पासून भारतीय व्यवस्थापन संस्था कार्यरत आहे.

या शिक्षणाचा ओढा प्रारंभापासून मुख्यतः उद्योगधंद्यांकडे राहिला. मात्र खेड्यातील संस्थांचा कारभारही शास्त्रशुद्ध व्हावा, हा विचार त्याच काळात रुजू लागला होता. पुण्यातील वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्था त्याच विचारातून काम करीत आली आहे. गुजरातेत आणंद येथे डॉ. व्हर्गीस कुरियन यांच्या पुढाकाराने १९७९ साली ग्रामीण व्यवस्थापन संस्था सुरू झाली. तेथील विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काही आठवडे खेड्यात राहावे लागते. २०२५ साली केंद्रीय कायद्यान्वये या संस्थेचे त्रिभुवन सहकारी विद्यापीठात रूपांतर करण्यात आले.

अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेचे संचालकपद सोडल्यानंतर प्रा. रवी मथाई यांनी १९७५ च्या सुमारास राजस्थानातील जवाजा भागात विणकर व चर्मकार कारागिरांसमवेत काम सुरू केले. कारागिरांनी स्वतःच्या संघटना उभारून उत्पादन व विक्री हाती घ्यावी, असा त्यामागील हेतू होता. व्यवस्थापनशास्त्र कारखान्याच्या फाटकाबाहेरही उपयोगी पडू शकते, हे या प्रयोगाने दाखविले.

कष्टाला शास्त्राची जोड

महाराष्ट्राला हे सूत्र नवे नाही. प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्यासाठी विठ्ठलराव विखे पाटील यांनी शेतकऱ्यांना एकत्र आणले आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी कारखान्याचे अध्यक्षपद स्वीकारले. शेतकऱ्यांचा विश्वास आणि शास्त्राचा अभ्यास यांचा असा मेळ आज गावोगावच्या लहान संस्थांना हवा आहे.

कंपनी कायद्यात २००२ साली झालेल्या दुरुस्तीने उत्पादक कंपन्यांना मान्यता मिळाली. २०२० पासून देशात दहा हजार शेतकरी उत्पादक संघटना उभारण्याची केंद्रीय योजना हाती घेण्यात आली. संस्थेची नोंदणी झाली म्हणजे व्यवसाय उभा राहिला, असे मात्र नव्हे. खेळते भांडवल कोठून आणावे, मालाची प्रतवारी कशी ठेवावी, कोणत्या बाजारपेठेत केव्हा विक्री करावी, सभासदांना हिशेब कसा समजावून द्यावा, हे प्रश्न रोज उभे राहतात. त्यांची उत्तरे वेळीच न मिळाल्यास शेतकऱ्याचे भागभांडवल अडकते आणि संस्थेवरील विश्वासही उडतो.

प्रत्यक्ष अनुभवाची संधी

विद्यार्थ्याच्या दृष्टीने हीच खरी संधी आहे. दूध संस्थेत दोन महिने काम करणारा विद्यार्थी संकलन, फॅटची तपासणी, शीतकरणाचा खर्च आणि उत्पादकांची बिले यांचा परस्परसंबंध प्रत्यक्ष पाहतो. मोठ्या कंपनीत एकाच विभागात जे महिनोन्महिने दिसणार नाही, ते लहान संस्थेत एका छताखाली दिसते.

कायद्याचेही यास साहाय्य आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यात २०१४ साली झालेल्या दुरुस्तीमुळे अभियांत्रिकीखेरीज अन्य शाखांच्या पदवीधरांनाही विद्यावेतनासह उमेदवारीचा मार्ग खुला झाला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही स्थानिक उद्योग व व्यवसायांतील प्रत्यक्ष कामावर भर दिला आहे.

अडचणी नाहीत, असे नाही. लहान संस्था मोठ्या कंपनीइतके वेतन देऊ शकत नाही, आणि शिक्षणासाठी कर्ज काढलेल्या तरुणाला हप्ते चुकत नाहीत. काही ठिकाणी प्रशिक्षणार्थीला केवळ नोंदवह्या उतरविण्याच्या कामाला बसविले जाते. त्यातून ना त्याचे शिक्षण होते, ना संस्थेचा लाभ. म्हणून संस्थेने त्याच्याकडे एक निश्चित प्रश्न सोपवावा, एका अनुभवी कर्मचाऱ्याला त्याचा मार्गदर्शक नेमावे आणि त्याचा अहवाल संचालक मंडळासमोर ठेवावा.

सर्वांचा सहभाग

प्राध्यापकांनी आपल्या तालुक्यातील संस्थांची यादी करून विद्यार्थ्यांच्या आवडीनुसार त्यांची सांगड घालावी. ग्रामपंचायतीने निवासाची सोय करावी व गावाशी ओळख करून द्यावी. सहकार व कृषी विभागांच्या अधिकाऱ्यांनी योग्य संस्था सुचवाव्यात. या कामाला मोठा निधी लागत नाही. लागते ती वेळेवर केलेली विचारपूस.

असे दोन महिने गावात काढलेले सर्वच विद्यार्थी गावात राहतील, अशी अपेक्षा करणे योग्य नाही. परंतु जो राहील, त्याला स्वतःच्या तालुक्यात मानाचे काम मिळेल. आणि जो शहरात जाईल, तो शेतमालाच्या किमतीमागील कष्टांची जाण घेऊन जाईल.