नळी, फासळी आणि सांबराचे शिंग

देवराष्ट्राजवळच्या सागरेश्वर अभयारण्यात सांबरांची शिंगे गळू लागली की मी वर्गातल्या मुलांना तिकडे नेत असे. मी प्राणिशास्त्राचा शिक्षक. शिंग म्हटले की मुलांच्या डोळ्यांपुढे घरची म्हैस येते. गुराच्या शिंगावर नखासारख्या पदार्थाचे टोपण असते, आत हाडाचा गाभा. सांबराचे शिंग मात्र सगळेच हाड असते, आणि ते दरवर्षी गळून नव्याने फुटते. शेती येण्याआधी रानात हिंडून पोट भरणाऱ्या माणसांना हा फरक चांगलाच ठाऊक होता.

पायाच्या हाडात खनिज जास्त असते. ते ताठ असते, पण आडवा दणका बसला की मोडते. सांबराच्या शिंगात खनिज कमी आणि कोलॅजन नावाचे चिवट प्रथिन जास्त. दोन नर टकरा घेतात तेव्हा तो आघात या चिवटपणामुळेच सोसला जातो. म्हणून भाल्याचे टोक करायला किंवा दगडाचे छिलके काढायला शिंग उत्तम. पाण्यात भिजत घातले की ते जरा मऊ होऊन कोरायलाही सोपे जाते. पण गळलेले शिंग रानात फार दिवस टिकत नाही. खनिजासाठी साळिंदरे ते कुरतडतात. शिंगे कधी आणि कुठे गळतात याची ज्याला खबर, त्यालाच ती धड मिळणार.

टोच्यासाठी मात्र हरणाच्या खुरावरचे नळीचे हाड घ्यावे. ते सरळ असते, भिंत जाड, आणि मधोमध निसर्गानेच दिलेली खाच. त्या खाचेवर गारगोटीची धार चालवत राहिले की हाड उभे चिरते. तिथे मांस जवळजवळ नसतेच, म्हणजे जेवणाचा तोटाही नाही. हाड ताजे हवे. प्रयोगशाळेत सांगाडा तयार करताना हाडे जास्त शिजवली तर ठिसूळ होतात, हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. कोलॅजन निघून जाते. तेव्हा रश्श्यात रटरटलेले हाड हत्याराच्या कामाचे नाही. ते आधीच बाजूला काढावे लागते.

ही निवड जाणूनबुजून होती याचा सुंदर पुरावा फ्रान्समध्ये मिळाला. तिथल्या निअँडरथल माणसांनी कातडे घोटून गुळगुळीत करण्यासाठी फासळ्यांची हत्यारे केली होती. त्यांच्या शिकारीत रेनडिअर भरपूर होते. पण २०२०मध्ये संशोधकांनी हत्यारांवरचे कोलॅजन तपासून जनावर ओळखले, तेव्हा फासळ्या बायसन किंवा रानबैलासारख्या मोठ्या जनावरांच्या निघाल्या. मोठी फासळी रुंद आणि मजबूत. ती दाबली तरी टिकते. हत्यारे ज्या प्लॅस्टिकच्या डब्यांत ठेवली होती, त्या डब्यांना घासून चिकटलेले कण या तपासणीला पुरले, हत्यार खरवडावे लागले नाही.

आपल्या देशात असा वारसा पाहायचा तर उत्तर प्रदेशात प्रतापगड जिल्ह्यातल्या महदहाला जावे. १९७०च्या दशकाच्या अखेरीस अलाहाबाद विद्यापीठाने तिथे उत्खनन केले. हाडांची बाणटोके आणि दागिने निघाले. गंगेच्या गाळात दगड मिळत नाही, तो दूर विंध्यावरून आणावा लागे. हाड मात्र वस्तीजवळच्या तळ्याकाठीच हाताशी होते. गुजरातेत लांघणजला तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकलियांना गेंड्याच्या खांद्याचे रुंद हाड सापडले, खळगे पडलेले. त्याचा ऐरणीसारखा उपयोग झाला होता.

आमच्या सातारा-सांगलीत गोष्ट उलटी. काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत तयार झालेले अकीक आणि गारेचे खडे इथल्या ओढ्यांत सहज मिळतात. धार हवी तर दगड पायाशीच. पण टोचायला, भोके पाडायला, घोटायला हाडाची बरोबरी दगड करत नाही, आणि रानात सांबर-चितळ होतेच.

म्हणून कृष्णा, येरळा किंवा माणगंगेच्या काठी दरड कोसळून जुने हाड उघडे पडलेले दिसले, तर ते उपटू नका, धुऊन वार्निश तर मुळीच लावू नका. कोणत्या थरात ते होते यावरून त्याचा काळ समजतो, आणि वार्निशने कोलॅजनची तपासणी बिघडते. जागेवरच फोटो काढा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा.