श्टुटगार्टचा शनिवार बाजार

नोकरीनिमित्त परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबाच्या वेळापत्रकात बाजारहाटाला सहसा शेवटची जागा मिळते. घर, विमा, मुलांची शाळा या धावपळीत भाजी आणणं हे उरकून टाकायचं काम ठरतं. आणि आता तर डाळीपासून मसाल्यापर्यंत सगळं घरपोच येतं. तरीही, निदान जर्मनीत राहणाऱ्या कुटुंबाने शनिवारची सकाळ बाजारासाठी राखून ठेवावी, आणि मुलांना घेऊनच जावं, असं माझं ठाम मत आहे. आपण ज्या समाजात राहायला आलो त्याने कशाला मोल द्यायचं ठरवलं आहे, हे तिथल्या बाजारात जितकं उघड दिसतं तितकं इतरत्र क्वचितच दिसतं.

बाजारासाठी शनिवारच का, या प्रश्नातच पहिला धडा आहे. रविवारी जर्मनीत स्टेशनं, पेट्रोल पंप, काही तास उघडणाऱ्या बेकऱ्या असे अपवाद सोडले तर दुकानं बंद असतात. रविवार हा विश्रांतीचा दिवस म्हणून राखावा, हे 1919च्या वायमार राज्यघटनेतलं कलम 1949च्या घटनेनेही कायम ठेवलं. दुकानांच्या वेळा ठरवण्याचा अधिकार 2006मध्ये राज्यांकडे गेला. पण नाताळाआधीचे चारही रविवार दुकानं उघडी ठेवण्याची बर्लिनची तरतूद घटनात्मक न्यायालयाने 2009मध्ये अमान्य केली. नवराबायको दोघंही नोकरी करत असताना सुट्टीच्या दिवशीच दुकानं बंद, ही तक्रार समजण्यासारखी आहे. पण श्टुटगार्ट ज्या राज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये सोमवार ते शनिवार दुकानं कितीही वेळ उघडी ठेवायला कायद्याची मुभा आहे. म्हणजे आग्रह आहे तो एका दिवसापुरता. महाराष्ट्राच्या 2017च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दुकानं वर्षभर उघडी ठेवता येतात, पण प्रत्येक कामगाराला आठवड्यातून एक दिवस सुट्टी द्यावीच लागते. दोन्हीकडे विश्रांतीचा हक्क मानलेला आहे. फरक असा, की पाळीपाळीने मिळणाऱ्या सुट्टीत आई मंगळवारी घरी आणि मुलं रविवारी, असं होऊ शकतं. सगळ्यांची सुट्टी एकाच दिवशी आली, तरच कुटुंबाला एकत्र बसता येतं. गल्ल्यावरच्या बाईलाही घरी मुलं आहेत, हे लक्षात घेतलं की आपली गैरसोय वेगळी दिसू लागते.

दुसरा धडा ऋतूंचा. 1968पासून मुंबईचं भगिनी शहर असलेल्या श्टुटगार्टमध्ये मार्क्टप्लाट्झ आणि शिलरप्लाट्झ या चौकांत मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी बाजार भरतो; शेजारीच 1914ची देखणी बंदिस्त मंडई आहे. शहराला लागूनच फिल्डर पठार आहे आणि तिथली टोकदार कोबी प्रसिद्ध आहे. वसंतात पांढऱ्या शतावरीचे, म्हणजे श्पार्गेलचे ढीग लागतात. तिची काढणी प्रथेने 24 जूनला थांबते. त्यानंतर कोंब वाढू द्यायचे, त्यांना पालवी फुटू द्यायची आणि पुढच्या वर्षासाठी मुळांत अन्न साठू द्यायचं, हे त्यामागचं शेतीचं कारण. बारमाही टोमॅटो पाहणाऱ्या मुलांना पिकालाही विसावा लागतो हे इथे समजतं. भाव पाटीवर लिहिलेला असतो आणि माल कुठल्या देशातला तेही सांगावं लागतं. त्यामुळे घासाघीस होत नाही. बोलणं होतं ते भाजी कशी शिजवायची याबद्दल, आणि मोडक्यातोडक्या जर्मनला त्याहून सोपी सुरुवात मिळणं कठीण.

‘पण आपल्या भाज्या मिळत नाहीत,’ हा आक्षेप अर्धाच खरा आहे. भेंडी, कोथिंबिरीच्या भरघोस जुड्या आणि छोले यांसाठी जर्मनीतली अनेक भारतीय घरं तुर्की दुकानाची वाट धरतात. तुर्कस्तानातून कामगार आणण्याचा करार 1961मध्ये झाला. पाहुणे कामगार म्हणून आलेल्यांपैकी अनेक माणसं तिथेच स्थिरावली, त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी दुकानं थाटली आणि शहराची चव बदलली. स्थलांतरिताने कायम ग्राहकच राहावं असं नाही, तो बाजार घडवूही शकतो, याचा यापेक्षा ठळक पुरावा आपल्या मुलांना दुसरा कुठला दाखवणार?

सर्वांत वजनदार आक्षेप पैशांचा. आल्डी किंवा लिडलसारख्या साखळी दुकानांत पुष्कळ वस्तू चौकातल्या बाजारापेक्षा स्वस्त मिळतात, आणि नव्याने बस्तान बसवणाऱ्या घराला तो फरक जाणवतो. पण सगळाच किराणा चौकातून आणावा असं म्हणणंच नाही. दूध, पीठ, तेल स्वस्त दुकानातून घ्यावं आणि त्याच फेरीत रिकामे कॅन नि एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटल्या यंत्रात टाकून दर नगामागे 25 सेंटची अनामत परत घ्यावी. 2003पासूनच्या या सक्तीमुळे कचऱ्यालाही किंमत आहे हे मुलांना हाताने शिकता येतं. हंगामातल्या दोन-तीन भाज्या मात्र पिकवणाऱ्याकडून घ्याव्यात. त्यासाठीचे चार युरो जास्तीचे वाटले, तरी त्यांतून जवळच्या शेतकऱ्याचं शेत टिकतं आणि आपली त्याच्याशी ओळख होते.

घरपोच सेवा वेळ वाचवते हे नाकारता येत नाही. पण वाचलेला तो वेळ शेवटी आपल्याच चार भिंतींत जातो, आणि परक्या देशातला एकटेपणा तिथेच वाढतो. रविवारी दुकानं का बंद, जूननंतर शतावरी का नाही, बाटली परत का करायची, याची कारणं उमगलेलं कुटुंब नियम केवळ भीतीपोटी पाळत नाही. ते पटतात की नाहीत याचा विचार करतं आणि शाळेच्या पालकसभेत किंवा इमारतीच्या बैठकीत आपलं मत मांडू शकतं. नवा देश आपला होण्याची सुरुवात अशा सहभागातूनच होते, आणि त्याची तयारी शनिवारच्या बाजारात फार स्वस्तात होते.