सडक्या बटाट्यांतील पाचक जंतु

बटाट्याच्या ढिगांत हात घातला असतां वरून धड दिसणारा एखादा बटाटा आंतून लापशीसारखा निघतो व दुर्गंधि नाकास झोंबते, हा अनुभव आमच्या वाचकांस नवा नाहीं. "ऊब लागली" म्हणून आपण तो फेकून देतों. वस्तुतः हें काम जंतूंचें आहे. अमेरिकेंतील व्हर्माँट येथें एल. आर. जोन्स यांनीं गाजराच्या मऊ सडींतून काढलेल्या या जंतूचें वर्णन १९०१ सालीं केलें. आज त्यास पेक्टोबॅक्टेरियम म्हणतात. विटा चुन्यानें सांधाव्या तशा वनस्पतीच्या पेशी पेक्टिननें सांधलेल्या असतात. जंतु पेक्टिनेझ नांवाचें एन्झाइम, म्हणजे पाचक द्रव्य, बाहेर सोडतो. तें हा चुनाच पचवितें आणि गर ढासळतो.

हा जंतु वेगळा काढावयाचा तर मधला लगदा घेऊं नये. तेथें मागाहून शिरलेल्या इतर जंतूंची गर्दी असते. साल स्पिरिटानें पुसून, सडका व निरोगी भाग जेथें मिळतात त्या कडेचा वाटाण्याएवढा तुकडा ज्योतीवर तापवून निवविलेल्या चाकूनें काढावा व निर्जंतुक पाण्यांत चुरडावा. त्यांतील १ भाग ९ भाग पाण्यांत, त्यांतला १ पुन्हां ९ भागांत, असें पांच-सहा वेळां पातळ करावें. नंतर थोडें पाणी पेक्टेट घातलेल्या थाळीवर पसरून ती दोन दिवस सुमारें २७ अंश सेंटिग्रेड उष्णतेंत ठेवावी. ज्या ठिपक्याखालीं खळगा पडेल तेथें पेक्टिन पचविणारा जंतु आहे. तो ठिपका उचलून, सर्व ठिपके एकसारखे दिसेपर्यंत पुनः पुनः पसरावा.

खरी परीक्षा निरोगी बटाट्याच्या चकतीवर होते. एका चकतीस जंतु लावावा, दुसरीस नुसतें निर्जंतुक पाणी. घाईंत कित्येक जण दुसरी चकती गाळतात, आणि स्वतःच्या मळक्या चाकूचा दोष जंतूवर घालतात! पहिली मऊ पडली व दुसरी ताठ राहिली, तरच निर्णय करावा.

फळांचा रस निवळ करण्यास पेक्टिनेझच वापरतात. परंतु कारखान्यांत तें बहुधा ॲस्परजिलस बुरशीपासून काढतात.

आपणांस अधिक निकडीची गोष्ट साठवणीची. ओल्या बटाट्यावर पाण्याचा पापुद्रा राहिला कीं आंत हवा पोंचत नाहीं, बटाट्याची प्रतिकारशक्ति खचते आणि जंतूस वाव मिळतो. यास्तव काढणीनंतर बटाटे सावलींत सुकवून मगच ढीग घालावा. बेण्याच्या फोडी करतांना सडका बटाटा कापला गेल्यास चाकू स्पिरिटानें पुसूनच पुढील बटाट्यास लावावा.