सुपर बाऊलचे शंभर कोटी प्रेक्षक कुठून आले?

फेब्रुवारी आला की एक वाक्य हमखास वाचायला मिळतं: ‘सुपर बाऊल हा जगात सर्वाधिक पाहिला जाणारा सामना, प्रेक्षक शंभर कोटी.’ क्रीडापानांवर ते असतं, क्विझच्या पुस्तकात असतं, आणि न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या आतेभावाकडून घरच्या ग्रुपवरही येतं. दरवर्षी ते खोडावं लागतं आणि पुढच्या वर्षी ते पुन्हा उभं राहतं.

हा आकडा चुकीचा आहे, आणि थोडाथोडका नव्हे, सात-आठ पटींनी.

एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगच्या या अंतिम सामन्याचं प्रक्षेपण 180 हून अधिक देशांत उपलब्ध असतं. त्या देशांत ज्यांना ज्यांना तो मनात आणलं तर पाहता येईल, त्या सगळ्यांची बेरीज प्रसिद्धीसाठी पुढे केली गेली. बातमीत येईपर्यंत ‘पाहू शकतील’ गळून पडलं आणि ‘पाहतात’ उरलं. एसटी ज्या गावांवरून जाते त्या सगळ्या गावांची लोकसंख्या मोजायची आणि गाडीत तेवढे प्रवासी होते म्हणायचं, असा हा हिशेब आहे. शिवाय सामना सुरू होतो तेव्हा भारतात सोमवार पहाटेचे पाच वाजलेले असतात, लंडनमध्ये रविवार रात्रीचे साडेअकरा. चीनमध्ये लोक कामावर निघालेले असतात. शंभर कोटी माणसं त्या वेळी टीव्हीपुढे बसतील कुठून?

खरा आकडा नील्सन ही अमेरिकेतली प्रेक्षकमोजणी करणारी कंपनी देते. 2025 च्या सुपर बाऊलचे अमेरिकेतले सरासरी प्रेक्षक होते 12 कोटी 77 लाख. म्हणजे देशाच्या लोकसंख्येच्या एक तृतीयांशाहून जास्त माणसं एकाच वेळी एकच सामना बघत होती. एका देशापुरतं बोलायचं तर हे अचाट आहे, आणि शंभर कोटींच्या गप्पांत नेमकी हीच खरी गोष्ट हरवते.

मग अमेरिकेबाहेर किती? 2009 ची एक तुलना इथे उपयोगी पडते. फ्युचर्स स्पोर्ट या ब्रिटिश संस्थेने त्या वर्षीच्या सुपर बाऊलचे जगभरातले प्रेक्षक धरले होते सुमारे 10 कोटी 60 लाख, आणि रोममध्ये बार्सिलोना व मँचेस्टर युनायटेड यांच्यात झालेल्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्याचे 10 कोटी 90 लाख. नील्सनच्या मोजणीत त्याच सुपर बाऊलचे अमेरिकेतले प्रेक्षक होते 9 कोटी 87 लाख. मोजण्याच्या पद्धती वेगळ्या, त्यामुळे वजाबाकी ढोबळ मानायची. तरी उरलेल्या सगळ्या जगाच्या वाट्याला जेमतेम पाऊण कोटी येतात.

फुटबॉलवाल्यांनी यावर लगेच खूश होऊ नये, कारण फिफाचे आकडेही नीट वाचावे लागतात. 2018 च्या विश्वचषक अंतिम सामन्याचे प्रेक्षक फिफाने 112 कोटी सांगितले. त्यात किमान एक मिनिट सामना पाहिलेला प्रत्येक जण आला, चॅनेल बदलता बदलता क्षणभर थांबलेलासुद्धा. त्याच सामन्याची सरासरी 51 कोटी 70 लाख होती. तुलना करायची तर सरासरीची सरासरीशीच करावी. तशी केली तरी विश्वचषकाचा अंतिम सामना सुपर बाऊलच्या चौपट भरतो.

‘मग एनएफएल जगातली सर्वांत श्रीमंत लीग कशी?’ हा पुढचा प्रश्न ठरलेला. पैसा प्रेक्षकांच्या निव्वळ संख्येवर चालत नाही, त्यांच्या खिशावर चालतो. 2021 मध्ये या लीगने केलेल्या दीर्घ मुदतीच्या प्रक्षेपण करारांची किंमत सुमारे 110 अब्ज डॉलर सांगितली गेली, आणि संघ फक्त 32. साखळीत प्रत्येक संघाचे सामने 17, त्यातले घरच्या मैदानावर आठ किंवा नऊ. इतके मोजके सामने असल्यावर मैदानं भरतातच. एका श्रीमंत देशात खोल रुजलेला खेळ आणि जगभर पसरलेला खेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

‘फुटबॉल सगळीकडे पहिलाच’ हेही खरं नाही. मेलबर्नमध्ये ऑस्ट्रेलियन रूल्सच्या 2023 च्या अंतिम सामन्याला 1,00,024 प्रेक्षक होते. पापुआ न्यू गिनी रग्बी लीगसाठी वेडी आहे, न्यूझीलंड रग्बी युनियनसाठी. आयर्लंडमध्ये गेलिक फुटबॉल पाहायला क्रोक पार्कमध्ये 82,000 माणसं जमतात आणि मैदानावरच्या एकाही खेळाडूला पगार नसतो. हे चित्र मला त्या शंभर कोटींपेक्षा कितीतरी थोर वाटतं.

‘रग्बी एकच’ असं म्हणणाऱ्यांसाठी: 1895 मध्ये हडर्सफील्डला उत्तर इंग्लंडचे क्लब वेगळे झाले. सामन्यासाठी खाणी-गिरण्यांतला रोज बुडणाऱ्या कामगार खेळाडूंना भरपाई द्यावी की नाही, यावरून ती फूट पडली. त्यातून आलेली लीग तेरा जणांची, युनियन पंधरांची.

‘फुटबॉलचे 400 कोटी चाहते, क्रिकेटचे 250 कोटी’ ही यादी ज्यावर विसंबावं अशा कोणत्याही पाहणीतून आलेली नाही. फिफाने 2006 मध्ये मोजणी केली ती खेळणाऱ्यांची, आणि ती भरली साडेसव्वीस कोटी.

रग्बीचा भारताशी संबंध नाही, हाही एक समज. इंग्लंड-स्कॉटलंड सामन्यात 1879 पासून दिला जाणारा कलकत्ता कप हा कलकत्ता फुटबॉल क्लब बंद पडल्यावर त्याच्या शिलकीतले चांदीचे रुपये वितळवून घडवला. त्याच्या मुठी नागांच्या आहेत आणि झाकणावर हत्ती आहे.

आणि अमेरिकन फुटबॉल अमेरिकेबाहेर पाऊलच टाकत नाही, असंही म्हणू नये. लंडनमध्ये एनएफएलचे साखळी सामने 2007 पासून होतात, जर्मनीत 2022 मध्ये सुरू झाले, आणि त्या खेळाचा धक्काबुक्की नसलेला फ्लॅग प्रकार 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये खेळला जाणार आहे.