घोट्याचा पट्टा : निवड आणि वापर

वार्षिक अहवालात जमाखर्च व विभागवार कार्याबरोबरच सर्वसामान्यांस उपयोगी पडेल असा एखादा आरोग्यविषयक लेख असावा, असा आपल्या विश्वस्त मंडळाचा आग्रह असतो. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर असून वैद्यकशास्त्राशी त्याचा संबंध केवळ प्रशासनापुरता आहे. मात्र पाय मुरगळण्याचा अनुभव त्याने स्वतः घेतला आहे, आणि अस्थिरोग व फिजिओथेरपी विभागांतील सहकाऱ्यांनी हा मजकूर तपासून दिला आहे.

पालघर व बोईसर-तारापूर परिसरात पाय मुरगळण्यास निमित्ते पुष्कळ. भातलावणीच्या दिवसांतील निसरडे बांध, औद्योगिक वसाहतीतील लोखंडी जिने, गाडी गाठण्यासाठी पुलावरून होणारी धावपळ, कबड्डीचे मैदान आणि नवरात्रातील गरबा. पाऊल आतल्या बाजूस वळते आणि घोट्याच्या बाहेरील अंगाचे अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाड जोडून ठेवणारे चिवट तंतू, ताणले जातात किंवा तुटतात. अशा वेळी बहुतेक जण औषधांच्या दुकानातून ताणला जाणारा मोजा विकत घेतात व दुसऱ्या दिवशी पाळीवर हजर होतात. रोजंदारीवर असणाऱ्याला खाडा परवडत नाही, हे आम्ही जाणतो. म्हणूनच पट्ट्यावर खर्च होणारे पैसे योग्य ठिकाणी पडावेत, हा या लेखाचा हेतू आहे.

पट्टा घेण्यापूर्वी हाड मोडलेले नाही याची खात्री करणे अगत्याचे आहे. यासाठी कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेले नियम आजही जगभर वापरले जातात. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांचे टोक किंवा तेथून वर सुमारे ६ सेंटिमीटरपर्यंतची मागील कड दाबल्यास दुखत असेल, पावलाच्या बाहेरील कडेचे मधले हाड किंवा आतील बाजूचे कमानीचे हाड दाबल्यास दुखत असेल, अथवा दुखापतीनंतर लगेच आणि तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढावा. मधुमेहामुळे ज्यांच्या पायाची संवेदना कमी झाली आहे त्यांनी 'फारसे दुखत नाही' या भरवशावर राहू नये. पहिल्या दोन-तीन दिवसांत चोळणे, मालिश करणे व शेकणे टाळावे. त्याने सूज वाढते. फडक्यात गुंडाळलेला बर्फ एका वेळी पंधरा-वीस मिनिटे लावावा आणि पाय उंच ठेवावा.

आता निवडीविषयी. बाजारात साधारणतः तीन प्रकार मिळतात. ताणला जाणारा मोजा किंवा क्रेप बँडेज सुजेवर दाब देते, परंतु पाऊल वळण्यापासून फारसे रोखत नाही. नाडी अथवा आडव्या-तिरप्या पट्ट्यांनी आवळण्याचा कापडी पट्टा बऱ्यापैकी आधार देतो आणि बुटात मावतो. तिसरा प्रकार दोन्ही बाजूंना कडक प्लास्टिकच्या पट्ट्या असलेला. यात घोटा वर-खाली हलतो, आत-बाहेर वळत नाही. किरकोळ लचकेस पहिला प्रकार पुरतो. सूज व काळेनिळेपणा बराच असेल, किंवा तोच पाय पूर्वीही मुरगळला असेल, तर दुसरा वा तिसरा घ्यावा. ब्रिटनमध्ये गंभीर लचक असलेल्या ५८४ रुग्णांवर केलेला एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात तीन महिन्यांनंतर साध्या नळीसारख्या बँडेजपेक्षा दहा दिवसांचे गुडघ्याखालील प्लास्टर अधिक लाभदायक ठरले; बाजूंना आधार देणारा पट्टाही काही बाबतींत सरस दिसला. नऊ महिन्यांनंतर मात्र या उपचारांत उल्लेखनीय फरक उरला नव्हता. म्हणजे पट्ट्याचे काम मधल्या काळाचे आहे.

माप घेताना घोट्याच्या उंचवट्यांच्या किंचित वर, जेथे पाय सर्वांत बारीक असतो तेथे फीत फिरवावी. एका कंपनीचा 'एल' हा दुसऱ्या कंपनीचा 'एल' असतोच असे नाही. खोक्यावरील तक्ता वाचावा आणि पावती जपून ठेवावी. सूज असताना घेतलेला पट्टा ती उतरल्यावर ढिला पडतो, म्हणून आवळता येणारा बरा. काही पट्टे उजव्या-डाव्या पायाचे वेगळे असतात. कारखान्यात काम करणाऱ्यांना विशेष विनंती अशी, की पट्टा घेण्यास येताना कामाचे बूट सोबत आणावेत. पट्ट्यासह बुटात पाय जात नाही म्हणून चप्पल घालून यंत्रावर उभे राहणे हे मुरगळण्यापेक्षा मोठ्या अपघातास आमंत्रण आहे. दुखापत कामावर झाली असेल तर त्याच दिवशी कारखान्याच्या अपघात नोंदवहीत नोंद करून घ्यावी. ती मागाहून मिळवताना किती हेलपाटे पडतात, हे आमच्या कार्यालयास चांगले ठाऊक आहे.

पट्टा बसून, पातळ सुती मोज्यावरून घालावा. टाच मागे नीट टेकवून पाऊल काटकोनात धरावे व बोटांकडून वरच्या दिशेने आवळत जावे. बोटे उघडी राहिली पाहिजेत. ती निळसर, गार किंवा बधिर झाल्यास पट्टा तत्काळ सैल करावा. डॉक्टरांनी सांगितले नसेल तर रात्री काढून ठेवावा. पावसाळ्यात ओला पट्टा दिवसभर पायात राहिल्यास त्वचेवर चिखल्या होतात. तो साबणाने हाताने धुऊन सावलीत वाळवावा. खाचरातील चिखलात पट्टा घालून उतरू नये. चिकट पट्ट्यांत माती बसली की त्या धरत नाहीत.

काही वर्षांपूर्वी स्थानकाच्या पायरीवर प्रस्तुत लेखकाचा पाय मुरगळला. त्याने एक मोजा घेतला आणि तीन महिने तो श्रद्धेने घातला. काढल्यानंतर आठवडाभरातच स्वतःच्या घराच्या उंबऱ्यावर तोच पाय पुन्हा मुरगळला. तेव्हा फिजिओथेरपीच्या ताईंनी विचारले, "साहेब, व्यायाम कोणता केलात?" उत्तर नव्हते. अस्थिबंध दुखावले की पाऊल कोठे व कसे पडत आहे याची घोट्याला असलेली जाणीवही मंदावते, आणि ती कोणताही पट्टा परत देत नाही. त्यासाठी अंगठ्याने हवेत बाराखडी गिरवावी, भिंतीचा आधार घेऊन टाचा उचलाव्यात, आणि दात घासताना त्या एका पायावर उभे राहावे. हे प्रकार दुखणे सोसेल तसे वाढवत किमान सहा आठवडे करावेत. खेळाडूंनी मात्र त्यानंतरही काही महिने खेळताना पट्टा घालणे हिताचे. पाय एकदा मुरगळलेल्यांत पुन्हा मुरगळण्याचे प्रमाण त्यामुळे कमी होते. सहा आठवड्यांनंतरही घोटा 'निसटतो' असे वाटत असल्यास नवा पट्टा न घेता डॉक्टरांना दाखवावे.

आपल्या रुग्णसाहित्य केंद्रातून कुबड्या व आधाराच्या काठ्या अनामत रकमेवर दिल्या जातात. घोट्याचे पट्टे दिले जात नाहीत, कारण ते त्वचेला लागून असतात आणि एका वापरात त्यांचा ताण जातो. कुबड्यांची गरज संपताच त्या परत आणून अनामत घेऊन जावी. गेल्या पावसाळ्यात नेलेल्या दोन जोड्या अद्याप यावयाच्या आहेत.